शंभर मीटर किनारा: पिशव्यांच्या मोजणीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

पहिली सफाई. एकतीस जण, अडीच तास, २८६ किलो. उद्या पौर्णिमा, त्यामुळे उधाणाची ओहोटी होती. पाणी खूप आत गेलं होतं आणि कामाला रुंद पट्टा मिळाला. गोण्या रस्त्यापर्यंत वाहून नेताना शेवटी शेवटी हात भरून आले. मग सगळे गोण्यांच्या ढिगामागे उभे राहिले, फोटो झाला. मागचा किनारा खरंच लख्ख दिसत होता.

त्या २८६ किलोंपैकी जवळजवळ ७० किलो एकट्या तुटक्या, ओल्या जाळ्याचे. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण निघताना कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, "बाकीच्यात काय काय होतं?" आणि आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.

१९ जानेवारी

एकटीच जाऊन आले. सात दिवसांत भरतीरेषा पुन्हा भरली आहे. जाळं नाही, टायर नाही, मोठं असं काहीच नाही, पण पातळ पिशव्या जिकडेतिकडे. काही वाळूत अर्ध्या पुरलेल्या, नुसते कान बाहेर. काही शेवाळात गुंतलेल्या. एक अगदी कडेला लाटेबरोबर आतबाहेर करत होती, फुगत होती आणि मिटत होती, हुबेहूब जेलीफिश. ती काढायला गुडघाभर पाण्यात गेले.

घरी आल्यावर वाचत बसले. समुद्री कासवांमधलं सर्वांत मोठं कासव म्हणजे लेदरबॅक, आणि त्याचं मुख्य अन्न जेलीफिश. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८८५ पासूनच्या ४०८ लेदरबॅक कासवांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या ३४ टक्के कासवांच्या पोटात प्लॅस्टिक होतं. मला ती पिशवी उजेडात, वरून, दोन हातांवरून दिसली तरी क्षणभर फसायला झालं. कासवाला ती पाण्याखालून दिसते.

२ फेब्रुवारी

बैठक झाली. यापुढे मोजायचं असं ठरलं. मोजायला सहा जण तयार आहेत. बाकीच्यांना सफाईच करायची आहे आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, हाताला काम लागल्याशिवाय माणूस टिकत नाही. म्हणून दोन्ही चालू ठेवू.

मोजण्याची ही रीत नवी नाही. १९८६ मध्ये लिंडा मरॅनिस आणि कॅथी ओ'हारा या दोघींनी टेक्ससमध्ये किनारा सफाई आयोजित केली, तेव्हा स्वयंसेवकांच्या हातात गोणीबरोबर एक छापील कार्डही दिलं होतं: काय सापडलं ते वस्तूनुसार लिहा. सुमारे २,८०० लोक आले होते. दर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणारी आंतरराष्ट्रीय किनारा सफाई त्यातूनच उभी राहिली. आज ती चालते ती माणसांच्या गर्दीमुळे, पण तिचा पाया ते कार्ड आहे असं मला वाटतं. वस्तू लिहिली की ती कुणाच्या हातून सुटली याचा माग काढता येतो. जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकायला बंदी घालणारं मार्पोल कराराचं पाचवं परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ ला लागू झालं. किनाऱ्यावर सापडणाऱ्या वस्तूंवरूनच जहाजांचा कचरा ओळखता येत होता.

पट्टा १०० मीटरचा घ्यायचा. ईशान्य अटलांटिकच्या देशांचा ऑस्पर करार याच लांबीवर मोजतो, अमेरिकेची नोआ ही संस्थाही. नोआचा आणखी एक नियम घेतला: अडीच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण बाटलीच्या झाकणापेक्षा, लहान तुकडे मोजायचे नाहीत. ते मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही आणि दोन माणसांचे आकडे कधी जुळणार नाहीत.

९ फेब्रुवारी

पट्टा आखला. एका टोकाला मोठा खडक, दुसऱ्या टोकाला खुंटी, मध्ये सुतळी. ओढ्याचं मुख पट्ट्यात येतं, तसं हवंच होतं. सरावाची मोजणी केली आणि पहिल्याच दहा मीटरमध्ये वाद सुरू झाला. फाटलेली पिशवी एक की तीन? नुसता कान सापडला तर? चुरगळलेला पापुद्रा पिशवीचाच कशावरून?

अर्धा तास गेला. उत्तर दिलं ते पूर्वी पॅकिंगच्या कारखान्यात काम केलेल्या एका आजोबांनी. कान असलेली कॅरीबॅग, ज्याला व्यापारात झबला म्हणतात, ती कशी बनते हे त्यांनी वाळूत बोटाने काढून दाखवलं. प्लॅस्टिकची लांब नळी फुगवून काढतात, बाजूने आत घडी घालतात, वर आणि खाली गरम पट्टीने चिकटवतात आणि वरचा भाग कापून कान करतात. "कान मोजू नका," ते म्हणाले. "कान तुटून कुठेही जातात. तळाची चिकटपट्टी मोजा. तिथे प्लॅस्टिक दुमडलेलं असतं, ती जागा सहसा फाटत नाही. आणि एका पिशवीला तळ एकच असतो."

तेव्हापासून तक्त्यात रकाना आहे: तळ. बाकीचे तुकडे वेगळ्या रकान्यात, पिशव्यांच्या संख्येत त्यांची भर नाही.

१६ फेब्रुवारी

पहिली खरी मोजणी. २१४ वस्तू, त्यात ४१ तळ. मोजून झाल्यावर पिशव्या आणि त्यांचे सगळे तुकडे घरी आणले, बादलीत वाळू धुतली, दोरीवर वाळवले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. ३९० ग्रॅम.

शेजारच्या पट्ट्यात सफाईवाल्यांना आज १२० किलो मिळाले. आमचा हा सगळा ढीग त्यात मिसळला असता तर अर्धा किलोही वाढला नसता. जानेवारीत आम्ही किलो सांगत होतो म्हणून जाळं आणि टायर एवढेच लक्षात राहिले. वजनाच्या हिशेबात पिशवी दिसतच नाही. ती हलकी असणं हाच तिचा दोष आहे: वाऱ्याने उडते, पाण्यावर तरंगते, कुंडीतून निसटते, आणि भंगारवाला उचलत नाही कारण किलोभर व्हायला दीडशेहून जास्त गोळा कराव्या लागतात. यापुढे कुठेही बोलताना आधी नग सांगायचे, मग किलो.

मोजणी दर चार आठवड्यांनी. तेवढ्यात तिथी फक्त दीड दिवस सरकते, त्यामुळे लागोपाठच्या दोन मोजण्यांना भरती-ओहोटीचं मान जवळपास सारखं मिळतं.

२ मार्च

वेळ चुकली. परवाच अमावास्या झाली, उधाण आहे, आणि आम्ही नेमके भरतीला पोहोचलो. पट्टाच नव्हता. दहा मिनिटांत परत. पुढच्या निरोपात भरतीच्या कोष्टकातली वेळ लिहायची: भरती ओसरायला लागल्यावर तासाभराने सुरुवात.

९ मार्च

आज जे झालं त्याची जबाबदारी माझी, कारण सूचना द्यायची राहिली. नव्या आलेल्या गटाने उत्साहाने भरतीरेषेवरचं सगळं शेवाळ दाताळ्याने ओढून गोण्यांत भरलं. वीस-बावीस गोण्या. किनारा साफ दिसायला लागला आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की तुरुतुरु धावणारे छोटे पाणपक्षी आज एकही नाहीत. त्या शेवाळाखाली वाळूतल्या उड्या मारणाऱ्या किड्यांची वस्ती असते, पक्षी तेच टिपायला येतात. शिवाय शेवाळ वाळूला धरून ठेवतं. आम्ही गोण्या परत ओतल्या, हाताने प्लॅस्टिक वेचून काढलं आणि शेवाळ होतं तिथे पसरलं. सगळ्यांनी न कुरकुरता केलं, त्यांचे आभार.

वरच्या बाजूला मर्यादवेल आहे. तिच्यात अडकलेली पिशवी ओढायची नाही, वेल उपटला जातो आणि वाळूची टेकडी उघडी पडते. कात्रीने पिशवी कापून दोन्ही बाजूंनी सोडवायची. आणि उन्हात जुनी झालेली पिशवी तर अजिबात ओढायची नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिची लवचीकता जाते, हात लावला की अंड्याच्या टरफलासारखी चुरते आणि एका पिशवीचे दोनशे तुकडे वाऱ्यावर जातात. खालून खुरपं घालून वाळूसकट उचलायची आणि चाळणीत ओतायची. वेळ लागतो. पण हे तुकडेच पुढे पाच मिलिमीटरच्या आत येतात, ज्यांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात (हा शब्द २००४ मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या लेखामुळे रूढ झाला), आणि त्यानंतर ते वेचणं कुणाच्याही हातात राहत नाही.

१६ मार्च

३८ तळ. काच दोन ठिकाणी, एक सुई. जाड तळाचे बूट नसतील तर मोजणीत घ्यायचं नाही.

२३ मार्च

होडी ओढून घेणाऱ्या एका मच्छीमार काकांशी बोलणं झालं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढलं जातं, त्या तोंडावर पिशवी बसली की इंजिन तापून बंद पडतं. खोल पाण्यात, वारा असताना, हे त्यांच्या बाबतीत एकदा नाही, अनेकदा झालं आहे. त्यांच्या खिशात चाकू असतो तो त्यासाठीच.

मी म्हटलं, "समुद्र रोज किती पिशव्या आणून टाकतो बघा ना."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, समुद्र पिशव्या बनवत नाही. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहा. मग कळेल कोण आणतं ते."

६ एप्रिल

ओढ्याच्या काठाने वर चालत गेलो, चौघं, साडेतीन तास. काकांचं म्हणणं पावलापावलाला खरं ठरत होतं.

पिशव्या सगळीकडे सारख्या नाहीत. सरळ वाहत्या भागात जवळजवळ नाहीतच. वळणावर झुडपं पाण्यात झुकली आहेत तिथे झालर लागल्यासारख्या लटकलेल्या, आणि त्यांची उंची सांगते की पुराचं पाणी कुठवर चढलं होतं. मोरीपाशी थरावर थर. मोरीच्या तोंडाशी फांद्या अडकतात, फांद्यांवर पिशव्या बसतात, आणि पापुद्रा तयार झाला की त्यातून पाणी जात नाही. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या पुरांत गटारं तुंबायला पातळ पिशव्या कारण ठरल्या, म्हणून २००२ मध्ये त्यांनी बंदी घातली. पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घालणारा तो पहिला देश. हे वाचलं होतं. मोरीत हात घालून ती गच्च झालेली लगद्याची भिंत उपसताना ते समजलं.

अजून वर गेलो तर ओढ्याच्या बाजूला उघड्या कचराकुंड्यांची रांग. झाकण एकालाही नाही. वारा होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत एक पिशवी कुंडीतून उठली, कुंपणावर थांबली आणि पाण्यात उतरली. कुणी ती ओढ्यात फेकली नव्हती. ज्याने टाकली त्याने कुंडीतच टाकली होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आम्ही इतके दिवस बेपर्वा माणसांवर चिडत होतो, आणि इथे नीट वागणाऱ्या माणसाची पिशवीही समुद्रात चालली होती.

१३ एप्रिल

४४ तळ. आजपासून खडकाच्या पलीकडे दुसरा १०० मीटरचा पट्टाही मोजतोय. तिथे ओढा नाही. दोन्हीकडे वारा आणि लाटा सारख्याच, त्यामुळे ओढ्यातून येणारं वेगळं ओळखता येईल. पलीकडे १५ तळ.

२० एप्रिल

आजची बैठक तापली. प्रश्न असा: कापडी पिशव्या छापून वाटायच्या का? एका देणगीदाराने हजार पिशव्यांची तयारी दाखवली आहे. नव्या सुती कापडाच्या, वर आमचं नाव.

मी विरोध केला. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिशेब आहे: साध्या पातळ पिशवीइतकाच हवामानावरचा भार ठेवायचा तर सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, कागदी तीन वेळा. कारण कापूस पिकवायला पाणी, खत, मग सूत, विणणं, रंग. हा हिशेब समुद्रात जाणाऱ्या पिशवीची हानी धरत नाही, त्यामुळे त्यावरून पातळ पिशवी चांगली ठरत नाही. ठरतं ते एवढंच की घरात दहा कापडी पिशव्या असताना अकरावी वाटणं चूक आहे. रोज वापरली जाणारी जुनी पिशवी हीच उत्तम.

समोरची बाजूही खोटी नव्हती. एक ताई म्हणाल्या, "लोकांच्या हातात काही दिलं नाही तर आपलं ऐकणार कोण? नुसतं नको नको म्हणत किती दिवस फिरणार?" बरोबर आहे त्यांचं. शेवटी जुन्या चादरी आणि पडद्यांच्या पिशव्या शिवायच्या आणि त्या वाटायच्या नाहीत, उसन्या द्यायच्या असं ठरलं. दुकानाच्या दाराशी पेटी ठेवायची, ज्याला गरज त्याने न्यावी, पुढच्या वेळी आणून टाकावी. देणगीदाराला ओढ्याकाठच्या कुंड्यांना झाकणं बसवून देता का म्हणून विचारू.

निघताना आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या पिशवीची रचना स्वीडनमध्ये सेलोप्लास्ट कंपनीतल्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांची, पेटंट १९६५ चं. मी शोधून पाहिलं. थुलिन यांच्या मुलाने सांगितलं आहे की वडील स्वतः अशी पिशवी घडी घालून खिशात ठेवत आणि पुन्हा पुन्हा वापरत. बनवणाऱ्याने ती टाकून द्यायला बनवलीच नव्हती.

४ मे

एका दुकानदाराने अभिमानाने 'जैवविघटनशील' असं छापलेल्या पिशव्या दाखवल्या. चांगल्या मनाने, जास्त पैसे मोजून घेतल्या होत्या. त्यांना काय सांगावं हे ठरवायला दोन दिवस लागले.

इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचून दाखवला. निरनिराळ्या प्रकारच्या पिशव्या त्यांनी मातीत पुरल्या, समुद्रात ठेवल्या आणि उघड्या हवेत टांगल्या. हवेतल्या सगळ्यांचे नऊ महिन्यांत तुकडे झाले. पण मातीतली आणि समुद्रातली 'जैवविघटनशील' पिशवी तीन वर्षांनंतरही सामान उचलण्याइतकी शाबूत होती. खतयोग्य म्हणून विकली जाणारी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, मातीत मात्र २७ महिन्यांनीही सापडली. छापलेला शब्द आणि पिशवी जिथे जाऊन पडते ती जागा यांची गाठ नसते.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग मी करू काय?" हा प्रश्न घेऊन परत आले. उत्तर पुढच्या आठवड्यापर्यंत द्यायचं आहे.

११ मे

ओढ्याकडे ४०, पलीकडे १४.

१८ मे

सहा दुकानदार तयार झाले. मागितलेलं एकच: पिशवी आपणहून द्यायची नाही. पिशव्यांचा गठ्ठा समोरच्या खिळ्यावरून काढून आतल्या खणात ठेवायचा आणि विचारायचं, "पिशवी आणलीय ना?" तरीही मागितली तर द्यायची, भांडायचं नाही. दाराशी उसन्या पिशव्यांची पेटी.

एका काकूंची शंका रास्त होती: "मी नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारी जाईल." म्हणूनच एका रांगेतले सहाही जण एकदम हवे होते. आयर्लंडमध्येही हेच सूत्र होतं, सगळ्यांना एकच नियम. ४ मार्च २००२ पासून तिथे प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर लागला आणि वर्षाला माणशी अंदाजे ३२८ पिशव्यांवरून वापर २१ वर आला. पुढे तो हळूहळू वाढायला लागला तेव्हा २००७ मध्ये कर २२ सेंट केला. रक्कम तशी लहानच. पण पिशवी मागावी लागली, तिच्यासाठी हात खिशात घालावा लागला, आणि तेवढ्या थांबण्यात माणसाला आठवतं की घरी दारामागे एक पिशवी टांगलेली आहे. आमच्याकडे कर लावायचा अधिकार नाही. निदान ते थांबणं तरी आणता येईल.

८ जून

चार दिवसांपूर्वी रात्रभर पाऊस झाला. ओढ्याकडे ९७ तळ. पलीकडे १९.

आजवरचा सर्वांत मोठा आकडा, आणि तोही दुकानांत काम सुरू केल्यानंतर. दोन जण म्हणाले, काही उपयोग नाही. मलाही घरी येईपर्यंत बोलावंसं वाटेना.

संध्याकाळी आजोबांबरोबर बसून सगळ्या ९७ पिशव्या पुन्हा बघितल्या. बहुतेकांवर मातीचा करडा लेप, छपाई उडालेली, दुमडल्या जागी चिरा. या मोरीतल्या आणि काठातल्या जुन्या. कित्येक वर्षं तिथे दबून होत्या, पुराने बाहेर काढल्या. ताज्या, म्हणजे छपाई शाबूत आणि चोळल्यावर खरखर वाजणाऱ्या, २९. आजपासून तक्त्यात नवा रकाना: ताजी. ओढ्यात साठलेली थकबाकी निघायला वेळ लागेल, ती आजच्या कामाच्या नावावर मांडता येत नाही. चांगली असो की वाईट.

२९ जून

आज सकाळपासून मन भरून आलंय.

१९ जूनला 'सायन्स' या नियतकालिकात अ‍ॅना पॅप आणि किंबर्ली ओरेमस यांचा अभ्यास आला आहे. पिशव्यांवरची बंदी आणि शुल्क यांनी किनाऱ्यावरचा कचरा खरंच घटतो का, हा प्रश्न. त्यांनी अमेरिकेतले सहाशेहून अधिक नियम घेतले आणि त्यांच्यापुढे ठेवल्या ४५ हजारांहून अधिक किनारा सफायांच्या नोंदी. म्हणजे स्वयंसेवकांनी वाळूत उभं राहून भरलेल्या नोंदी, आमच्यासारख्याच. निष्कर्ष असा की जिथे नियम आहेत तिथे सापडलेल्या वस्तूंमधलं पिशव्यांचं प्रमाण, नियम नसलेल्या ठिकाणांच्या तुलनेत २५ ते ४७ टक्क्यांनी कमी. शुल्काचा परिणाम बंदीपेक्षाही जास्त दिसतो. जाड पिशव्यांना सूट देणाऱ्या अर्धवट बंदीचा परिणाम सर्वांत कमी. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या कायद्यात अशीच पळवाट होती, ती बंद करणारा कायदा २०२४ मध्ये झाला.

आणि एक गोष्ट झाकून ठेवू नये: पिशव्यांचं प्रमाण एकंदरीत सगळीकडे वाढतच आहे. नियम असलेल्या ठिकाणी ते कमी वेगाने वाढतं, एवढंच. घट म्हणजे पिशव्या संपल्या असं नाही.

तरीही. कुणीतरी कधीतरी ओल्या हाताने एक रेघ ओढली, घरी गेलं, विसरूनही गेलं असेल. ती रेघ मोजली गेली. सगळ्यांना हे वाचून दाखवलं. मोजणी सोडतो म्हणणाऱ्या दोघांपैकी एकजण परत आला.

६ जुलै

ओढ्याकडे ६१, ताज्या १७. पलीकडे १६, ताज्या ५.

३ ऑगस्ट

फक्त सात जण आले. पाऊस, आणि सुरुवातीचा जोर ओसरलाय. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोझ शाह यांनी २०१५ मध्ये एका वयस्कर शेजाऱ्याला बरोबर घेऊन सुरुवात केली, दोघांनीच. मग आठवड्यामागून आठवडे. सात म्हणजे पुष्कळ. ओढ्याकडे ४८, ताज्या १२.

३१ ऑगस्ट

४३, ताज्या ११. पलीकडे १५, ताज्या ५. दोन दुकानांत गठ्ठा पुन्हा समोरच्या खिळ्यावर आलाय. गर्दीच्या वेळी विचारायला सुचत नाही असं ते म्हणतात. रागावण्यासारखं काही नाही, पुन्हा जाऊन बसू. उसन्या पिशव्यांच्या पेट्यांपैकी चार चालताहेत, दोन रिकाम्या.

२० सप्टेंबर, शनिवार

आंतरराष्ट्रीय किनारा सफाईचा दिवस. १४० माणसं, शाळांची मुलंही. मोठ्या पट्ट्यावर छान काम झालं. आमचे १०० मीटर मात्र सुतळीने वेढून ठेवले होते, कारण आज उचललं असतं तर आठ दिवसांनंतरच्या मोजणीला अर्थ राहिला नसता.

एक लहान मुलगा सुतळीपाशी येऊन उभा राहिला. आत पिशवी पडलेली दिसत होती. "ती का नाही उचलायची?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी उचलणार आहोत, मोजून. "तोपर्यंत पाण्यात गेली तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिशवी तरंगते ती फक्त सुरुवातीला. अंगावर शेवाळ आणि शिंपले बसले की जड होऊन खाली जाते. १०,८९८ मीटर खोल, मारियाना गर्तेत, १९९८ मध्ये टिपलेल्या छायाचित्रात एक पिशवी आहे. त्याला घेऊन सुतळीच्या आत गेले. त्याने पिशवी उचलली, तळ बघितला, आणि मी तक्त्यावर आजची तारीख घालून त्याच्यासमोर नोंद केली: तळ १, ताजी. २८ तारखेच्या बेरजेत ती धरायची.

२८ सप्टेंबर

ओढ्याकडे ४२, ताज्या ९, त्या मुलाची धरून. पलीकडे १४, ताज्या ५. जूनपासून ओढ्याकडच्या ताज्या २९ वरून ९ वर आल्या, पलीकडच्या जुलैपासून ५ वरच आहेत. जूनचा आकडा मोठ्या पावसानंतरचा होता, म्हणून ही सगळी घट दुकानांच्या खात्यावर मांडायची नाही. पुढच्या वर्षी तसाच पाऊस झाल्यावर मोजू आणि तेव्हा जूनशी जूनची तुलना करू.

कुंड्यांपैकी पाचांना झाकणं बसली, तीन राहिली. मोरी पावसाच्या आधी उपसायची, तिचा थर वेगळा मोजायचा. दुसऱ्या टोकाची खुंटी पुराने गेली आहे, नवी ठोकताना खडकापासून टेपने मापून घ्यायची, अंदाजाने नाही.

पुढची मोजणी २६ ऑक्टोबर. भरतीची वेळ बघून कळवते. नोंदवही आता त्या कॉलेजातल्या मुलीकडे आहे.